पंख्याचं तोंड

पंख्याचं तोंड भिंतीकडे होतं. बाबा पलंगाच्या कडेला उघडे बसले होते, टॉवेल मांडीवर, पाठीवरून घामाचे ओघळ कमरेपर्यंत आलेले. आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर तो जुना लोखंडी टेबलफॅन घरघर करत वारा घालत होता तो भिंतीला. भिंतीला म्हणजे भिंतीतल्या खिळ्याला, आणि खिळ्याला म्हणजे त्यावर टांगलेल्या साबणाच्या वडीएवढ्या पांढऱ्या डबीला. ती डबी माझी. माझी म्हणजे संस्थेची. ती खोलीतली उष्णता मोजते आणि आकडे पोटात साठवून ठेवते. मी दारातच थबकले. भर दुपारी मी घरी कधी येत नाही. उन्हाळ्यात तर नाहीच, कारण उन्हाळा हा माझ्या धंद्याचा हंगाम. आज आले, कारण संचालकांनी अहवालाची प्रत हातात ठेवून सोमवारपर्यंत निवांत वाचा आणि सही करा असं सांगितलं होतं, आणि निवांत हा शब्द कानावर पडला की मला त्या इमारतीत बसवत नाही. मी विचारलं, बाबा, पंखा असा का फिरवलाय? पूर्वी कारखान्यात लेथवर नवा आलेला माणूस काही बावळट विचारायचा तेव्हा ते जसे बघत असतील तसे त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ते तापत होतं गं," म्हणाले. "नाजूक मशीन आहे. मला काय धाड भरलीय?"

मला आधी हसूच आलं. माणसाने घाम गाळायचा आणि घाम मोजणाऱ्याने वारा खायचा, याहून चांगला विनोद माझ्या आयुष्यावर कुणाला सुचला नसता. मी पंखा त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी तो शांतपणे परत फिरवला. मी पुन्हा फिरवला, तेव्हा मात्र त्यांनी दांडा धरून ठेवला, आणि ब्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या मनगटात लेथवर मिळवलेली ताकद अजून शिल्लक असते हे मला कळलं. सरळ एसी लावायचा तर त्याने त्यांचे गुडघे धरतात. छतावरचा पंखा गच्चीचं ऊन खाली ओततो. म्हणून हा टेबलफॅन, जो आईच्या वेळचा आहे आणि ज्याचं सगळं पोट बाबांनी कितीदा तरी उघडून बदललेलं आहे. रोज करता असं, मी विचारलं. रोज कशाला, ते म्हणाले, ऊन वर आलं की करतो. संध्याकाळी तू यायच्या आत पुन्हा माझ्याकडे वळवून घेतो, नाहीतर तू उगाच डोक्यात राख घालून घेशील. एवढं बोलून ते भिंतीकडे पाहत राहिले, समाधानाने, आजारी माणसाला झोप लागली की जवळचे जसे पाहतात तसे. आणि माझं हसू कुठल्या कुठे गेलं. ऊन वर आलं की. हे चार शब्द मी मनात पुन्हा म्हणून पाहिले, कारण ऊन वर आलं की काय होतं, याची एक रेघ मी गेलं वर्षभर जगभर मिरवत होते.

ती रेघ कशी दिसते ते मी झोपेतही काढून दाखवीन. सकाळी चढत जाते, चढत जाते, आणि ऐन दुपारी, जिथे तिने टोक गाठायला हवं तिथे, मान खाली घालते. संध्याकाळी पुन्हा थोडी वर येते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही शहरभर वरच्या मजल्यांवरच्या खोल्यांतून डब्या टांगल्या होत्या. आकडे आले आणि घरोघर ही मान खाली घातलेली रेघ निघाली, तेव्हा विभागात उत्सवच झाला. आमचा आकडेतज्ज्ञ, ज्याला सगळे दशांश म्हणतात कारण तो चहाला बोलावलं तरी 'शून्य पूर्णांक पाच कप' म्हणतो, तो खुर्चीवरून उठून दोनदा खिडकीपर्यंत जाऊन आला. त्या वळणाला नाव मी दिलं. दुपारचा उतार. त्याचा अर्थही मीच लावला. माणसं पडदे ओढतात, फरशी पुसून ओली ठेवतात, दारं कधी उघडायची कधी लावायची हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. घर उन्हाशी जुळवून घेतं. त्यावर शोधनिबंध झाला, परिषदेत लोक उभे राहिले, काचेचं एक जडशीळ सन्मानचिन्ह मिळालं ते कपाटावर आहे. आणि आता त्यावर अहवाल झाला होता. पालिका वरच्या मजल्यांच्या गच्च्यांवर पांढरा थर आणि त्यावर सावलीचं दुसरं छप्पर घालायचं म्हणत होती. अहवालाचं शेवटचं पान म्हणत होतं की दुपारी खोल्या आपोआप निवतात, सबब छपरांची गरज नाही. हे पान मी लिहिलेलं नव्हतं. पण त्याच्या बुडाशी असलेली रेघ माझी होती, आणि सहीची मोकळी जागाही माझी होती.

मी पाणीही न पिता परत बाहेर पडले. बाबा मागून म्हणाले, छत्री घे. घेतली नाही. जिना उतरताना कठड्याला हात लागला आणि चटका बसला, आणि मला राग आला, कशाचा ते अजून नीट ठरत नव्हतं. एक घर म्हणजे काही शहर नव्हे, असं मी स्वतःला बजावत होते. बाबांचं यंत्रांवर असलेलं प्रेम जगावेगळं आहे. लेथ पुसून झाल्याशिवाय त्यांनी कधी डबा उघडला नाही. आमच्या घरी पाहुण्यांच्या आधी सायकलला सावली मिळायची. पण हे बजावणं मला पटत नव्हतं. माझ्या पायांना ते माझ्या आधी कळलं होतं, कारण ते सरळ इस्त्रीवालीच्या इमारतीकडे निघाले होते.

इस्त्रीवाली सगळ्यात वरच्या खोलीत राहते आणि तिथेच इस्त्री करते. तिची डबी अजून तिच्याकडे होती, कारण यंदाच्या उन्हाळ्यासाठी आम्ही ती परत मागितली नव्हती. डबी खिळ्यावर नव्हती. मी विचारलं तशी ती अभिमानाने मला मोरीपाशी घेऊन गेली. मोरीच्या कट्ट्यावर, पाण्याच्या पिंपाला टेकून, ओल्या फडक्यात गुंडाळलेली डबी बसली होती. सकाळी खिळ्यावर असते, ती म्हणाली, तुमच्या डबी लावणाऱ्या पोरी सांगून गेल्यात ना, तिथंच ठेवा म्हणून. पण ऊन तापलं की मी आणते इकडं. फडकं वाळलं की पुन्हा भिजवते. "ताई, मी सांभाळलंय हो नीट. महागाचं असणार. एक दिवस नाही चुकले." मी त्या फडक्याला हात लावला. गार होतं. मग तिच्याकडे पाहिलं. इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून तिचा चेहरा लाल झाला होता आणि ओठ सुकून पांढरे पडले होते. तिला म्हटलं, एखादं फडकं स्वतःच्या डोक्यावर का नाही ठेवत? ती हसली. माझं काय मेलं, म्हणाली.

मी तिथून पुढच्या घरी गेले, तिथून पुढच्या. कुणाला चूक म्हणून विचारलं नाही. नुसतं म्हटलं, डबीने त्रास तर नाही ना दिला? आणि लोक सांगत सुटले. रात्रपाळीचा पहारेकरी दिवसा झोपतो. तो डबी उशाशी न ठेवता संडासात ठेवत होता, कारण अख्ख्या घरात तेवढीच जागा थंड. एका शिक्षिकेने तिला पुठ्ठ्याचं छोटं छप्पर करून दिलं होतं, वर चांदीचा कागद. एका म्हाताऱ्या जोडप्यात डबीवरून भांडण होतं, कारण आजोबा तिला खिडकीत ठेवत आणि आजी म्हणे तिला झळ लागते. कुणी फसवलं नव्हतं. कुणी आळस केला नव्हता. आळस केला असता तर आमचा अभ्यास वाचला असता. मला आठवलं, एक डबी दशांशने बिघडलेली म्हणून वगळली होती, कारण तिच्यात दुपारभर हिवाळा होता. ती बिघडलेली नव्हती. ती कुणीतरी फ्रिजमध्ये ठेवली होती. सगळ्यांत लाडाची होती. पाहुणा आला की घरातली बरी खुर्ची त्याला, पंख्याखालची जागा त्याला, आणि आमच्या पोरी डबी टांगताना प्रत्येक घरात म्हणाल्या होत्या, जरा जपा हं. त्यांनी जपलं. शहरातल्या गरीब खोल्यांतली सगळ्यांत थंड जागा कोणती, हे मी मोठ्या काटेकोरपणे मोजून आणलं होतं, आणि त्या जागेत एकही माणूस नव्हता.

दोन दिवस सुट्टीचे होते. शनिवारी मी अहवाल उघडून बसले आणि वाचू शकले नाही. मला मुलाखतीत हमखास विचारतात की या विषयाकडे कशा वळलात, आणि मी खरं ते सांगते की जागा रिकामी होती आणि मला नोकरी हवी होती. मग त्यांची तोंडं उतरतात. ते सगळं खरं आहे, पण पूर्ण नाही. पहिली कित्येक वर्षं मी दोन खात्यांच्या मधल्या बोळात काढली. हवामानवाले म्हणत, माणसाची मूत्रपिंडं हा आमचा विषय नाही. डॉक्टर म्हणत, ऊन हा आमचा विषय नाही. हवामानवाल्यांचा तापमापक गवतावर, सावलीत, पांढऱ्या झडपांच्या पेटीत राहतो, आणि मी म्हणे की त्या पेटीत कुणी भाड्याने राहत असेल तर मला त्याचा पत्ता द्या. यावर ते हसत. मी बोलायला तिखट म्हणून त्यांना आवडे, आणि निधी देताना विसरत. कुणी उन्हाने मेलं तर कागदावर हृदय लिहितात. कुणाची मूत्रपिंडं वर्षानुवर्षं उन्हात कोरडी पडत गेली तर काहीच लिहीत नाहीत, कारण तिथे मरण इतकं हळू येतं की त्याच्याकडे पाहायला कुणाला वेळ नसतो. मी एकटी, हातात तापमापक धरून, लोकांच्या खोल्यांत दुपारभर बसायला लागले ते तेव्हा. त्या जुन्या मोजणीत थोडीच घरं आहेत आणि त्यात कुठेही उतार नाही. रेघ सरळ वर जाते. ती मोजणी कुणी छापली नाही, फार छोटी म्हणून. गेल्या वर्षी मोठी झाली आणि छापली गेली, आणि त्यात उतार होता, आणि मी तिच्या गळ्यात पडले. मला ती हवी होती. अख्खी हयात वाईट बातमी घेऊन दारोदार फिरणाऱ्या बाईला एकदा तरी चांगली बातमी घेऊन उभं राहावंसं वाटणारच.

आणि आई. आईचं मी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की लोक मान डोलावतात आणि पुढचं ऐकत नाहीत. आम्ही वरच्या मजल्यावरच राहत होतो, एका खोलीत, आणि आई शिवणाचं काम घरी आणायची. मशीनला बाबांनी मोटर लावून दिली होती. उन्हाळ्यात मोटर तापायची, वास यायचा, आणि आई हाच लोखंडी पंखा स्टुलावर ठेवून त्याचं तोंड मोटरकडे करायची. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसून गणितं सोडवत असे. पंख्याचा वारा आमच्या दोघींच्या मधून जायचा, मोटरवर आदळायचा आणि कापडाच्या चिंध्या उडायच्या. मला त्या धरायला आवडत. आईच्या हनुवटीवरून घाम टपकून कापडावर पडू नये म्हणून तिने गळ्याशी फडकं बांधलेलं असे. मोटर जळली तर कसं व्हायचं, ती म्हणायची. ती मोटर शेवटपर्यंत जळली नाही. आईची मूत्रपिंडं गेली. डॉक्टरांनी साखर तपासली, रक्तदाब तपासला, दोन्ही ठीक निघाले, आणि त्यांनी हात टेकले. खोली कशी आहे हे कुणी विचारलं नाही. हे सगळं मला कायम आठवत होतं, पण मला आठवत होता तो घाम, ते फडकं, तो वास. पंखा कुठे बघत होता हे मी इतकी वर्षं बघितलंच नव्हतं. लहानपणापासून माझ्या डोळ्यांसमोर ते तोंड भिंतीकडे, मोटरकडे, माणूस सोडून कुठेही वळलेलं होतं. तो शनिवार मी कसा काढला ते विचारू नका. संतापाने मला एका जागी बसवेना. मी ते काचेचं सन्मानचिन्ह कपाटावरून काढलं आणि दाराला अडसर म्हणून लावलं. त्या कामाला ते चांगलं आहे.

रविवारी दशांशचा फोन आला. मी त्याला सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, काही घरांनी हलवली असेल, आपण हलवलेली घरं काढून टाकू. मी विचारलं, कशी ओळखशील? तो म्हणाला, ज्यांच्यात उतार आहे ती. मग त्याला स्वतःलाच कळलं की मग उरणारच काय. पुढे जे बोलला ते मित्र म्हणून बोलला. मॅडम, तुमच्या नावावर हे एकच काम आहे जे सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही दोन महिन्यांनी निवृत्त होताय. हे कुणालाही कधी कळणार नाही. मी म्हटलं, मला कळलंय ना. तो म्हणाला, प्रकल्प बंद पडला तर त्या घरोघर जाणाऱ्या पोरी कुठे जातील, याचा विचार करा. हा घाव बरोबर बसला. त्या पोरींची कंत्राटं या अहवालावर लटकलेली होती आणि त्यांतल्या दोघी मला चक्क घाबरत नसत, ही मोठी दुर्मीळ गोष्ट. फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून गार पाण्याखाली मनगटं धरली. सही केली तर नाव राहतं, नोकरीला मुदतवाढ मिळते, पोरींची कामं टिकतात, आणि इस्त्रीवाली पुढचे सगळे उन्हाळे त्याच छपराखाली काढते. सही नाही केली तर मी जन्मभर जे उभं केलं त्यातली सगळ्यांत उंच भिंत माझ्या हाताने पाडायची. एवढं साधं होतं. मला भीती वाटली, चांगलीच वाटली. पण त्या भीतीच्याही वर राग होता, आणि माझा स्वभाव असा की राग आला की मला झोप उत्तम लागते.

सोमवारी बैठकीला जाताना मी बाबांच्या खिळ्यावरची डबी काढून पर्समध्ये घातली. बाबांनी विचारलं, दुरुस्तीला नेतेस का? मी म्हटलं, तसंच काहीसं. बैठकीच्या खोलीत एसी इतका असतो की मी तिथे एक शाल कायमची ठेवली आहे. टेबलावर फायली, चहाचे कप, पालिकेला द्यायच्या प्रती. डबीला जागा नव्हती म्हणून मी ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, जिथे पडद्याच्या फटीतून उन्हाचा लख्ख पट्टा येत होता. मुद्दाम ठेवली का, हे मला आजही शपथेवर सांगता येणार नाही. ठेवली असेन. संचालक मूळचे डॉक्टर. संचालक झाल्यापासून नाडी बघतात ती फक्त वरच्यांची. माणूस वाईट नाही. माझ्याहून लहान आहे, अदबीने बोलतो, आणि चांगल्या बातमीवर त्याचा मनापासून विश्वास आहे. ते बोलायला लागले. ही संस्थेसाठी किती मोठी गोष्ट आहे, पालिका प्रथमच आपल्या आकड्यांवर निर्णय घेतेय, वगैरे. बोलता बोलता त्यांची नजर खिडकीकडे गेली. परत आली. पुन्हा गेली. मग वाक्याच्या मध्येच ते उठले, कट्ट्यावरची डबी उचलली, एसीच्या खाली स्वतःच्या कोपरापाशी सावलीत ठेवली, आणि बसून तेच वाक्य पुढे चालू केलं. मी त्यांना ते वाक्य पूर्ण करू दिलं.

"सर, आत्ता आपण काय केलंत?"

"काय केलं?"

"डबी हलवलीत."

"ऊन लागत होतं तिला." असं म्हणून ते हसले, आणि कुणीच हसलं नाही म्हणून थांबले.

मग मी सांगितलं. पिंपाशेजारचं ओलं फडकं, संडास, चांदीच्या कागदाचं छप्पर, फ्रिज, आणि शेवटी माझ्या वडिलांचा पंखा. आवाज चढवला नाही; चढवावा लागला नाही. संचालकांनी डबीपासून कोपर जरा लांब घेतलं. दशांश समोरच्या कागदावरची रेघ बोटाने चाचपत होता, आणि मग त्याने मान वर केली. उताराला आधार नाही, एवढंच तो म्हणाला. त्याला इतक्या वर्षांत आकडा नसलेलं वाक्य बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. संचालकांनी चष्मा पुसला. ठीक आहे, म्हणाले, तळटीप टाकू. काही घरांत उपकरण हलवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, अशी. मी म्हटलं, शक्यता नाही, मी जिथे जिथे गेले तिथे तिथे हेच आहे. तळटीप वाचून कुणी छप्पर घालत नाही. त्यांनी मग मुदतवाढीचं काढलं, पोरींचं काढलं, संस्थेच्या नावाचं काढलं. प्रत्येक गोष्ट खरी होती, म्हणून मला प्रत्येक गोष्ट ऐकून घ्यावी लागली.

"मॅडम, तुम्ही स्वतःच्याच कामावर बोळा फिरवताय," ते शेवटी म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज साधा, माणसासारखा आला. "लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. काम माझं आहे, बोळाही माझाच. सही होणार नाही. आणि पालिकेच्या बैठकीला मी स्वतः जाणार आहे. उतार जसा उभं राहून मांडला, तसंच उभं राहून तो खोटा आहे हे सांगेन. जुनी मोजणी छोटी आहे, पण तिथे तापमापक माझ्या हातात होता आणि मी माणसाशेजारी बसले होते. ती घ्या आणि छपरं घाला."

ते म्हणाले, त्या मोजणीला कुणी विचारणार नाही. मी म्हटलं, मग विचारेपर्यंत मी तिथे बसते, मला आता दोन महिन्यांनी दुसरं काम काय आहे? प्रमुख संशोधकाच्या सहीशिवाय अहवाल बाहेर जात नाही, हा नियम त्यांनीच केलेला. त्यांनी प्रती गोळा करायला सांगितल्या. मुदतवाढीचा कागदही त्यांच्या फायलीतच राहिला. मी शाल खुर्चीवरून काढून घेतली, कारण आता ती तिथे ठेवण्यात अर्थ नव्हता, आणि डबी उचलली. ती गार पडली होती.

जिन्यात दशांशने मला गाठलं. त्याच्या चेहऱ्यावर रात्रभराचं जागरण होतं, पण डोळ्यांत ते वेड परत आलं होतं जे नवीन काम दिसलं की येतं. पुन्हा मोजायचं तर कसं, हे त्याला हवं होतं. भिंतीत पक्की बसवू, कुलूप लावू, लोकांना ताकीद देऊ. मी म्हटलं, ताकीद कसली देतोस, त्यांनी काय गुन्हा केलाय? भिंतीवर नकोच. माणसाच्या गळ्यात घालू. माणूस जिथे जाईल तिथे डबी जाईल. इस्त्रीपाशी उभा राहील तर तीही उभी राहील. तो उत्साहाने थबकला आणि लगेच त्याचं कपाळ आक्रसलं. मॅडम, पण लोक डबीला जपायला म्हणून स्वतः सावलीत जाऊन बसतील. पंख्यासमोर बसतील. आकडा बिघडेल.

"बिघडू दे," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी चिडून बोलतेय. मी चिडलेली नव्हते. आदल्या तीन दिवसांत पहिल्यांदाच माझ्या डोक्यात सगळं जागच्या जागी होतं. त्याला म्हटलं, बिघडलेला आकडा दुरुस्त करायला तू आहेस, त्यासाठीच तुला पगार आहे. बिघडलेलं मूत्रपिंड तू दुरुस्त करशील का? खाली उतरताना तो तोंडाने काहीतरी मोजत होता.

घरी आले तेव्हा दुपार ऐन भरात होती. बाबा तसेच उघडे बसले होते, आणि पंखा, भिंतीवर आता नुसता खिळा असूनही, भिंतीकडेच तोंड करून चालला होता. राहिलाय तसाच, म्हणाले, कुठे फिरवत बसू. मी आईच्या शिवणाच्या डब्यातून सुती नाडी काढली, डबीच्या कडीत ओवली, आणि त्यांच्या गळ्यात घातली. डबी त्यांच्या छातीच्या पांढऱ्या केसांवर जाऊन बसली. त्यांनी ती हातात धरून उलटसुलट पाहिली. हे काय नवीन, त्यांनी विचारलं. मी सांगितलं की आता पद्धत बदललीय, मशीन भिंतीवर नाही, माणसावर ठेवायचं. आणि फार तापू द्यायचं नाही. नाजूक आहे.

त्यांनी मान डोलावली. यंत्राची गोष्ट निघाली की त्यांना दुसरं काही पटवून द्यावं लागत नाही. क्षणभर ते त्या घरघरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिले. मग पुढे झुकून त्यांनी दांडा धरला आणि पंख्याचं तोंड भिंतीकडून काढून हळूहळू स्वतःच्या छातीकडे आणलं. वारा लागला तशी नाडी हलायला लागली, कपाळावरचे केस हलायला लागले, आणि छातीवरचा घाम सुकताना त्यांच्या अंगावर शहारा आलेला मला दिसला. ते ताठ बसले होते, छाती पुढे काढून, डबीला वारा नीट मिळावा म्हणून. मी समोर जमिनीवर बसले, लहानपणी गणितं सोडवायला बसायची तशी.

"तुझ्या आईच्या गळ्यात असलं काहीतरी अडकवायला हवं होतं," ते म्हणाले.

मी हो म्हटलं. मग ते म्हणाले की पंख्याला तेल घालायला झालंय, संध्याकाळी उघडून बघतो, आणि तोवर मी जागचा हलणार नाही.